सुंदराच्या बारीचं अंगण

रामबाई कपाशीच्या ओळीत शिरली, तशी शेजारची अनुसयाबाई ओटी आवळून चार ओळी पलीकडे सरकली. तिच्यामागं बाकीच्या बाया. जणू रामबाईला पटकीच झाली होती.

दुसऱ्या इलेक्शनच्या सालातली गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर एका रात्री रामबाईच्या भिंतीपलीकडं तीन मुडदे पडले. घर एकच. अर्ध्यात ही एकटी विधवा, अर्ध्यात सुंदरा, तिचा नवरा अन् सासू. अंगण सामायिक, सारवायची बारी एक आठवडा हिची, एक आठवडा तिची. त्या आठवड्यात बारी सुंदराची होती. सकाळी अंगण कोरडं पाहून रामबाई चडफडली, "महाराणी अजून लोळूनच राह्यली," म्हणाली, अन् स्वतःच शेण कालवून सारवून मोकळी झाली. मग जाब विचारायला दार ढकललं, अन् तिच्या किंकाळीनं गाव जागं झालं.

आर्वीचा फौजदार आला, कोंबडी खाऊन गेला. खुनी काही सापडला नाही. मग गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे पुलगावच्या गाडीनं दरोडेखोर आले, कुणी म्हणे सुंदराच्या माहेरचं वैर. पण बोलणं फिरून फिरून रामबाईच्या अंगणातच यायचं. बारी नसताना हिनं सारवलंच काऊन? पावलं पुसायला, दुसरं काय?

वावराचा मालक किसनराव बांधावरून खाली आला.

"रामबाई, तुह्यापायी माह्या बाया बिथरल्या. एक रस्ता हाय. त्या सांजीले जंगलू गोंड सुंदराच्या दारात होता ना? रातीबी होता, असं सांगून दे फौजदाराले. गावाचा घोर जाईन, तुलेबी काम भेटन."

"त्यानं सरपन टाकलं अन् दिवस बुडाच्या आत टेकडीकडं गेला. माह्या डोयानं पाह्यलं."

"गोंडासाठी काऊन जीव जाळतं?"

"चोर सोडून संन्याशाले सुळी देऊ काय? त्याले फासावर चढवून मले भाकर गोड लागन?"

पलीकडून अनुसयाबाई पचकली, "आता समजलं. दोघायनं मिळूनच केलं."

रामबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ओटीतला कापूस किसनरावाच्या पायांशी ओतला.

"मी बाहेरचं अंगन सारोलं. आत कोन घुसलं व? फौजदार यायच्या आधी सारं गाव आत जाऊन तमाशा पाहून आलं. अनुसयाबाई, तू तर दुसऱ्या खेपेले बहिनीले घेऊन आली दाखवाले. किसनराव, तुमी वहाना घालून रगतावर उभे होते. खुन्याचं पाऊल होतं नव्हतं ते तुमी तुडवलं, अन् नाव माह्यं. हे निघाली मी आर्वीले. जंगलू कवा गेला ते सांगतो, अन् आत कोन कोन गेलतं तेबी सांगतो. नावानिशी."

किसनराव वहाणांकडं पाहत राहिला. अनुसयाबाई ओळी तुडवत धावत आली अन् तिनं रामबाईचा पदर धरला.

"माह्यं नाव नोको घेजो व बाई. लोक काय म्हनतीन?"

"काऊन?" रामबाईनं पदर सोडवला. "तू काई केलं काय?"

अन् ती आर्वीच्या रस्त्याला लागली.