वास घेऊन राह्यलो

चारुताने हातातलं घड्याळ थांबवलं आणि वलीभाईंच्या नावापुढे चौथ्यांदा ‘रिकामे’ लिहिलं.

कापसाची आवक तीन हंगामांत निम्म्यावर आली होती. त्यावर उपाय म्हणून कंपनीने कापसातून सरकी काढणाऱ्या आपल्या अकरा जिनिंगांसाठी पुण्याहून व्यवस्थापनशास्त्र मागवलं. ते चारुताच्या रूपाने अकोटला उतरलं. प्रत्येक माणसाचं काम मिनिटामिनिटाने मोजायचं आणि जे मोजता येत नाही ते काढून टाकायचं, असा सिद्धांत होता. परदेशात एका पोलादाच्या कारखान्यात तो म्हणे फार चालला होता.

वलीभाईंना हे मोजणं आवडलं. एकतीस हंगामांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. ते रोज इस्त्रीचा सदरा घालून येऊ लागले. मॅडमने ‘काय करताय?’ विचारलं, की छाती पुढे काढून सांगत,

“वास घेऊन राह्यलो.”

कापसातून एखादा खडा आला, की यंत्रात ठिणगी उडते. ती सरकी काढलेल्या रुईच्या ढिगात शिरून आतल्या आत धुमसत राहते. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वलीभाई तिला त्याआधी नाकाने पकडत. एकतीस हंगामांत त्यांचा एकही ढीग जळाला नव्हता.

शनिवारी मॅनेजर चिंतामणरावांच्या खोलीत त्यांना बसायला खुर्ची मिळाली. तेव्हाच त्यांना शंका आली.

“वलीभाई, तुमचं पद राहणार नाही,” चारुता शक्य तितक्या हळू म्हणाली. “मी स्वतः बावीस वेळा विचारलं. दर वेळी तुम्ही म्हणालात, वास घेऊन राहिलो. वास घेतलात, ठीक. पण मग नुसतेच राहिलात ना?”

वलीभाईंनी चिंतामणरावांकडे पाहिलं. वऱ्हाडीत ‘राह्यलो’ म्हणजे काम अजून चालूच आहे, हे त्यांच्यासारख्या बार्शीटाकळीत जन्मलेल्या माणसाला पाळण्यातच कळतं. पण मॅडम आल्यापासून चिंतामणराव ‘मले’, ‘तुले’ गिळून ‘मला’, ‘तुला’ बोलत होते.

“सायेब, तुमी तं सांगा. तुमाले समजते ना?”

“मॅडमनी मोजलं आहे ते,” चिंतामणराव टेबलावरच्या काचेला म्हणाले.

वलीभाई उठले. सदऱ्याची बाही सारखी केली. दारापाशी जाऊन थांबले. मान किंचित वर झाली.

“तीन नंबरच्या ढिगात जळून राह्यलं.”

“कधी जळलं?” चारुताने वही उघडली.

चिंतामणराव तोवर खुर्ची पाडून बाहेर पोचले होते.

“अबे, पानी आना रे! जळून राह्यलं ना बे!”

वलीभाई पळाले नाहीत. चालत गेले, ढिगाभोवती अर्धी फेरी मारली आणि एका जागी बोट ठेवलं. गड्यांनी तिथेच फोडलं. हातभर आत, नारळाएवढा काळा गोळा निघाला. तो बादलीत पडून चुर्रर्र वाजला, तेव्हा चिंतामणराव खाली मान घालून भिजलेले बूट पाहत होते.

“पाह्यलं ना सायेब?” वलीभाई म्हणाले. “बूट वाळतीन.”

गडी पांगले. चारुता वही घेऊन तिथेच उभी होती. तिने विचारलं,

“वलीभाई, आता काय करताय?”

वलीभाईंनी नाक चार नंबरच्या ढिगाकडे वळवलं.

“वास घेऊन राह्यलो.”

चारुताने घड्याळ सुरू केलं. मग दिवेलागण झाली, तरी ते चालूच होतं.