बॅटरीचा खटका

सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणायची. तो बोलायला लागला की त्याच्या ट्रकचा हॉर्न बरा, असं लोकांचं मत होतं. पण दीड वर्षापूर्वी बायको लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली, नातवाला सांभाळायला तिथंच राहिली आणि भोंग्याचा आवाज बसला. रिकाम्या घरात ओरडायचं तरी कुणावर?

ट्रक पंचवीस वर्षांचा. आठवड्याला जेमतेम दोन खेपा मिळायच्या, एरवी तो दारातच उभा. कुठली तरी जुनी वायर गुपचूप करंट खायची आणि तीन-चार दिवसांत बॅटरी मान टाकायची. मग समोरचा वेल्डर चार्ज केलेली बॅटरी हातगाड्यावर घालून खडखडत यायचा आणि जंपरच्या वायरींनी ती ट्रकच्या बॅटरीला जोडायचा. इंजिन धडधडलं की दोघं बंपरला टेकून चहा प्यायचे. वेल्डर ट्रकला नावं ठेवायचा, भोंगा त्याच्या वाकड्या फाटकांना.

एक दिवस वेल्डरनं त्याच्या हातात पुडकं ठेवलं. आत लाल चावीचा खटका होता.

"बॅटरीजवळ बसव. गाडी उभी केलीस की चावी फिरवायची, करंट तिथंच तुटतो. तुझी सुटका, माझीही."

"माझी कशापासून?" भोंग्यानं विचारलं. पण वेल्डर केव्हाच कामाला लागला होता.

रविवारी भोंग्यानं खटका बसवायला घेतला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला केली. बॅटरीच्या पेटीशेजारच्या पट्टीला भोकं पाडली. वरून बोल्ट धरायला एक आणि खालून नट फिरवायला एक, अशी दोन माणसं लागणारं काम. त्यानं खालचा पाना गुडघ्यात अडकवून भागवलं. चेसिसकडे जाणारी तीच जाड वायर खटक्याच्या एका टोकाला कसली, दुसऱ्या टोकापासून बॅटरीपर्यंत नवा तुकडा टाकला. चावी फिरवली, दिवे लागले. उलटी फिरवली, गेले.

त्यानं बायकोला फोन लावला.

"अगं, खटका बसवला. आता बॅटरी उतरायची नाही."

"बरं झालं. सारखं त्या भल्या माणसाला त्रास द्यायचात. अहो, बाळ उठलं, ठेवते हं."

पुढच्या खेपेला ट्रक एका दमात सुरू झाला. वेल्डरनं काळा चष्मा कपाळावर सरकवून समोरूनच हात केला आणि परत मान खाली घातली. त्यानंतरच्या खेपेलाही तसंच. भोंग्यानं सवयीनं दोन कप चहा केला होता. दोन्ही त्यालाच प्यावे लागले.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं ट्रक उभा केला आणि चावीला हातच लावला नाही. पाचव्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता कण्हला. भोंगा समोर गेला. वेल्डरकडे गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, तरी तो हातगाडा घेऊन आला. पेटीत वाकून बघितलं. चावी चालूवरच होती.

"विसरलास?"

"विसरलो."

ट्रक सुरू झाला. भोंगा म्हणाला, "चहा टाकतो."

"गिऱ्हाईक खोळंबलंय रे," म्हणत वेल्डर हातगाडा ओढत निघूनही गेला.

त्या दिवशी गाडी चालवताना भोंग्याला आरशात स्वतःचं तोंड बघवेना. संध्याकाळी परतल्यावर त्यानं ट्रक लावला, चावी फिरवली आणि घरात न जाता थेट वेल्डरचं दुकान गाठलं.

"मी विसरलो नव्हतो," तो दारातूनच म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

वेल्डरनं हातातलं काम खाली ठेवलं.

"मला वाटलंच. तू कसला विसरतोस!" मग पायानंच एक स्टूल पुढं ढकललं. "बस. पण इकडं बघू नकोस, डोळे जातील."

भोंगा त्याच्याकडे पाठ करून बसला. मागं चरचर सुरू झाली, समोरच्या भिंतीवर निळा उजेड थरथरू लागला. घरी जायची वेळ झाली, तरी त्याला उठावंसं वाटेना.