उमाकाकूंचं हिमोग्लोबिन

उमाकाकूंच्या घरात शिळं कधी वाया गेलं नाही, कारण ताजं कधी त्यांच्या पानात पडलंच नाही. लग्न होऊन त्या रत्नागिरीत आल्या तेव्हा घरात अकरा माणसं. आधी पुरुष, मग पोरं, मग सासूबाई, आणि सगळ्यांचं होऊन पातेल्याच्या कडेला जे काय चिकटून राहील ते उमाकाकूंचं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. बाईनं मागाहून जेवायचं असतं हे त्यांना कोणी शिकवावंही लागलं नव्हतं. पुढे माणसं पांगली. काही मुंबईला गेली, काही देवाघरी. एकुलता एक शार्दूल इंजिनीयर होऊन बंगलोरला नोकरीला लागला. तीन वर्षांपूर्वी यजमान हरिहरराव गेले, आणि चार खोल्यांच्या घरात काकू एकट्या उरल्या.

आता एकट्या बाईनं मागाहून जेवायचं म्हणजे कोणाच्या मागाहून? पण जित्याची खोड ती. काकू सकाळी उठून दोन माणसांचा स्वयंपाक करत, झाकून ठेवत, आणि कालचं काढून जेवत. आजचं ताजं उद्या शिळं झालं की मग ते त्यांचं व्हायचं. तेही दुपारचंच. रात्री चहात पाव बुडवला की झालं. एकटीसाठी कुठे पुन्हा चूल पेटवायची!

शार्दूलचा फोन महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचा.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. तू?"

"मीपण. ठेवू मग?"

"ठेव हो."

एवढ्यावर पुढचा महिना काढायचा. काकू तोही काढत होत्या.

२००१ची दिवाळी झाली आणि काकू पेन्शनच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या. बँकेत त्यांच्या शेजारची हफीजा होती म्हणून बरं. तिचा नवरा मुसाभाई कुवेतला, त्यामुळे बँकेत तिची फेरी ठरलेली. तिनं काकूंना बाकावर आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं आणि रिक्षात घालून थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी काकूंची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त काढून घेतलं. संध्याकाळी कागद आला. हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ.

"बाराच्या वर हवं, काकू. निम्म्या रक्तावर चाललात तुम्ही. दम लागत असेल ना घाटीचा चढ चढताना?"

"वय झालं म्हटलं."

"एकोणसाठ म्हणजे वय नव्हे. काल काय जेवलात?"

"परवाची आमटी. भात."

"आणि काल केलेलं?"

"ते आज."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात आणखी कोण कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग हे उरतं तरी कोणाचं?"

काकूंना चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

बाई बडबड्या होत्या, पण कामाचं बोलत होत्या. जेवणावर लगेच चहा घेतलात तर जेवणातलं लोह अंगी लागत नाही, चहाला तासभर तरी थांबा म्हणाल्या. गोळी घ्याल तर लिंबाच्या पाण्याबरोबर. परसात अनवाणी फिरता ना, त्यानं जंत होतात आणि तेही रक्त पितात, तेव्हा ही एक जंताची गोळी आणि उद्यापासून पायात चपला. कुठून रक्त जातंय का तेही त्यांनी खोदून खोदून विचारलं. तसं काही नव्हतं. "नाचणी आहे, कुळीथ आहे, माठ आहे, शेवग्याचा पाला तुमच्या दारात असेल. हळिवाचे लाडू करा. औषध कोकणात पिकतंय आणि तुम्ही पावावर जगताय!"

हफीजानं घरी आल्या आल्या काकूंच्या वहीतून नंबर काढला आणि त्यांना न विचारता बंगलोरला फोन लावला. "शार्दूल, तुझी आवस पडली हाय. रक्तच नाय अंगात."

त्या रात्री आठ वाजता फोन वाजला तो काही पहिला रविवार नव्हता. साधा मंगळवार होता.

"आई, काय जेवलीस आज?"

जन्मभर त्यांनीच हा प्रश्न सगळ्यांना विचारला होता. जेवलास का, वाढू का, भाकरी हवी का. उलट विचारणारं कोणी नव्हतं. नवरा वाईट होता असं नाही, पण त्याला कधी सुचलं नाही. आणि आता चारशे मैलांवरून पोर विचारत होतं, तर सांगायला होता चहा आणि पाव. काकूंना रडू आलं आणि लाजही वाटली.

"उद्या करते हो काहीतरी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून बिडाचा तवा काढला, घासला, त्यावर नाचणीची भाकरी टाकली आणि माठाची भाजी केली. ताजी, वाफाळती, स्वतःसाठी. पहिला घास घेताना उगीच दाराकडे पाहिलं. कोणी पाहील आणि म्हणेल, ही बघा, आधीच बसली! जीभ भाजली तेव्हा लक्षात आलं, इतकं गरम जेवायची आपल्याला सवयच नाही.

हळिवाचं तर आणखी गमतीचं झालं. वाण्यानं पुडी बांधता बांधता विचारलं, "काय काकू, कोण बाळंत झालं?" आता विधवा बाईनं स्वतःसाठी बाळंतिणीचे लाडू करायचे हे चारचौघांत सांगणार कसं? "लांबची भाची," काकू म्हणाल्या आणि तरातरा चालू लागल्या. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

शार्दूलचा फोन आता दर रविवारी येई, बुधवारीही येई. काय खाल्लंस, गोळी घेतलीस का, चहा कधी घेतलास? काकू सगळं सांगत. खरं सांगायचं तर त्या रांधत होत्या ते फोनवर सांगायला मिळावं म्हणून. थापा मारायच्या तर त्या लक्षात ठेवाव्या लागतात, त्यापेक्षा पिठलं करणं सोपं. जानेवारीत हिमोग्लोबिन साडेआठ झालं. घाटी चढताना आता मध्ये थांबावं लागत नव्हतं. फेब्रुवारीत दहा.

"दहा? वा! आता मला काळजी नाही," शार्दूल म्हणाला.

ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं, आणि तिथेच घात झाला. आधी बुधवार गेला. मग एक रविवार चुकला. मग लागोपाठ तीन. रक्त चढत होतं तसतसे फोन उतरत होते. काकूंना हा हिशेब कळायला वेळ लागला नाही.

हफीजाला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुसाभाई फोनवर काय बोलतात गो इतकं दर शुक्रवारी?"

"काय बोलतील? नळाला पाणी आला काय, विचारतात. पंचवीस वर्षां तेच." हफीजा हसली. काकू हसल्या नाहीत. कुवेतहून कोणी नळाचं पाणी विचारावं, आणि आपल्याला मात्र त्यासाठी रक्त आटवावं लागावं. त्यांना हफीजाचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःची शरमही.

मग काकूंनी जे केलं ते शहाण्या बाईनं करू नये. गोळ्या बंद केल्या. जेवण झालं की लगेच कपभर कडक चहा, वर आणखी अर्धा. भाजी नाही, भाकरी नाही, पुन्हा कालचा भात. बरं व्हायचं कसं हे डॉक्टरीणबाईंनी इतकं नीट शिकवलं होतं की आजारी कसं पडायचं ते वेगळं शिकायला लागलंच नाही. तीन आठवडे त्यांनी निष्ठेनं हे व्रत केलं आणि एप्रिलात रक्त तपासायला गेल्या.

अकरा पॉइंट चार.

"शाब्बास, काकू!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकीच्या बायकांना मी तुमचं उदाहरण देते."

पेन्शनच्या रांगेत दगा दिलेलं शरीर नेमकं आता गुणी निघालं होतं. काकू कागद घेऊन घरी आल्या, तो कपाटात साड्यांखाली सारला, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी स्वतः बंगलोरला फोन लावला.

"किती आलं?" शार्दूलनं विचारलं.

"साडेसात."

"दहावरून साडेसात? औषध चालू असताना?"

"हो रे. काय करू?"

त्या दिवशी आणखी तीन फोन आले. दुसऱ्या दिवशी दोन. भूक लागते का, पोटात दुखतं का, झोप येते का? काकू घोंगडीत शिरावं तशा त्या प्रश्नांत शिरून बसल्या. चार दिवस इतके सुखाचे गेले की आपण खोटं बोललो आहोत हेही त्या मधूनमधून विसरत.

पाचव्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि शार्दूल उतरला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. रात्रभर कोल्हापूरपर्यंत बस आणि तिथून आंबा घाटानं एसटी. काकूंना एकीकडे हर्ष झाला आणि एकीकडे साड्यांखालचा कागद आठवला.

"अरे, कळवायचंस तरी!"

"कळवून काय करणार होतीस?" तो म्हणाला. "भूक लागलीये, आई."

काकूंनी कुळथाचं पिठलं केलं, भात टाकला, भाकऱ्या थापल्या. तो मान खाली घालून जेवत राहिला. पाच भाकऱ्या खाल्ल्या. मनगटाची हाडं वर आलेली काकूंना दिसली, पण विचारायचा धीर झाला नाही. आपण काही विचारलं तर तोही विचारेल.

हात धुऊन तो समोर बसला. "उद्या कोल्हापूरला जायचं. अपॉइंटमेंट घेतलीये. तोंडातून दुर्बीण घालून पोट बघतात."

"कशाला रे मेलं ते?"

"औषध चालू असताना रक्त एवढं उतरलं, म्हणजे आत कुठेतरी जातंय. ऑफिसातल्या एकाचा भाऊ डॉक्टर आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, कॅन्सरही असू शकतो."

तीस वर्षांचा बाप्या, ताप आलेल्या पोरासारखा दिसत होता. बाबांना शेवटी त्यानंच मुंबईला नेलं होतं, रात्री जागवल्या होत्या, आणि आता पुन्हा एकटा तो दुसऱ्या खेपेच्या तयारीनं आला होता. चार दिवस ह्यानं कसे काढले असतील, आणि आपण इथे ऊब घेत बसलो होतो. काकूंना स्वतःची इतकी घृणा वाटली की बसवेना. त्या उठल्या, साड्यांखालून कागद काढला आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं वाचला. तारीख पाहिली. पुन्हा वाचला.

"अकरा पॉइंट चार," तो म्हणाला. "तू खोटं बोललीस?"

"हो."

"मी चार रात्री झोपलो नाही, आई! का?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग एकदाचं बोलून टाकलं. "मी बरी झाले की तू फोन करत नाहीस."

तो ओरडेल असं त्यांना वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची नीट घडी घातली.

"मला काय बोलायचं तेच सुचत नाही गं," तो शेवटी म्हणाला. "बाबा पण माझ्याशी कधी बोलले नाहीत. फोन उचलतो आणि वाटतं, काय विचारू? तू आजारी होतीस तेव्हा विचारायला काहीतरी होतं."

"मग तेच विचार की. काय जेवलीस म्हणून." काकूंचा आवाज चढला, डोळे भरले. "बरं असलेलं माणूससुद्धा जेवतंच की रे!"

कोल्हापूरला जायचं राहिलं. तो दोन दिवस राहिला. फारसं बोलणं झालं नाही, ते त्या घरात कधी झालंच नव्हतं. त्यानं काकूंना चहाचा कप जेवणापासून दूर ठेवायला लावला, गोळ्या मोजून डबीत भरून दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. काकू स्टँडवरून चालत घरी आल्या. घाटी एका दमात चढल्या, आणि वर पोचल्यावर सांगायला कोणी नव्हतं.

रविवार उजाडला. सकाळ गेली, फोन नाही. काकूंनी भात टाकला, शेवग्याच्या पाल्याची भाजी केली आणि गरम होती तोवर बसून जेवल्या. पानावर बसल्या तरी कान फोनकडेच होते. दीड वाजला. दोन वाजले. नाहीच येणार, असं मनाशी म्हणत त्यांनी भांडी घासायला घेतली.

अडीच वाजता फोन वाजला.

"आई." मग धडा म्हणून दाखवावा तसं, "काय जेवलीस?"

"शेवग्याच्या पाल्याची भाजी. भात. वर ताक." काकू पदराला हात पुसत खाली बसल्या. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. आता अर्धा तास बोलायचं, पाल्याला किती खोबरं घातलं तेसुद्धा सांगायचं असं त्यांनी ठरवलं. सहज जिभेवर आलं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि तू रे? तू काय जेवलास?"

"मी?"

"हो, तूच."

"अजून नाही."

"अडीच वाजले! सकाळी काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"आणि काल रात्री?"

"पाव." काकूंना त्याचं मनगट आठवलं, पाच भाकऱ्या आठवल्या, बंगलोरची खोली आठवली, जी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या खोलीत आपण आहोत तसाच कोणीतरी बसला आहे, हे त्यांना लख्ख कळलं.

"घरात काय आहे?"

"तांदूळ आहेत. डाळ असेल."

"मग ऊठ. दोन्ही एकत्र धू, मीठ-हळद घाल, कुकर लाव."

"लावतो गं नंतर. तू बोल ना. मला आज वेळ आहे."

वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य समोर आलं होतं. काकूंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी जेव."

आणि त्यांनीच फोन ठेवला.