खोडलेल्या ओळीची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. कुणी कुणाला पाठवायची चिठ्ठी नव्हे बरं का! शब्दकोशाच्या कचेरीत एकेका शब्दासाठी जाड कागदाची एकेक चिठ्ठी असते, त्यांतली मी एक. आकाराने तळहाताएवढी, रंगाने आता चहा सांडल्यासारखी. माझ्यावर एक इंग्रजी शब्द आहे : पॅल. पॅल म्हणजे दोस्त, सोबती, ज्याच्या खांद्यावर न विचारता हात टाकावा असा माणूस. हा पुस्तकी इंग्रजीतला शब्द नाही, गल्लीबोळातला आहे. नाकं मुरडू नका! गल्लीतल्या शब्दांनाही आईबाप असतात. या शब्दाचे आईबाप शोधण्याच्या पायी दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्या भांडणाचं निमित्त मीच होते.

माझा जन्म तळमजल्यावरच्या छापखान्यात झाला. छापखाना धाकट्या भावाचा आणि वरच्या मजल्यावरची कचेरी थोरल्याची. थोरले इंग्रजी बोलीतल्या शब्दांचा कोश करत होते, धाकटे तो छापणार होते. एकदा धाकट्यांकडे एका विलायती सर्कशीच्या जाहिराती छपाईला आल्या. जाड कागदावर मोठा लाल घोडा होता, पण पहिल्या पन्नास प्रतींत त्याची शेपूटच कागदाबाहेर गेली. सर्कशीतले घोडे सांभाळणारा म्हातारा तणतणत आला.

"बिनशेपटीचा घोडा? मग माश्या काय तुम्ही वारणार?"

धाकटे पोट धरून हसले. त्यांनी म्हाताऱ्याला चहा पाजला आणि जाहिराती नव्याने छापून दिल्या. बिघडलेल्या प्रती कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. माझ्या पाठीवर अजून त्या घोड्याचा मागचा खूर आहे.

चहा पिता पिता धाकट्यांनी सहज विचारलं, "तुम्ही सर्कशीतले सगळे एकमेकांना पॅल, पॅल करता, ते काय हो?"

"ते इंग्रजांनी आमच्याकडून उचललं," म्हातारा म्हणाला. "आम्ही रोमा लोक. गावोगाव हिंडणारे. आमच्या भाषेत प्राल म्हणजे भाऊ. आता तू मला चहा पाजलास, झालास माझा भाऊ!"

म्हातारा गेल्या गेल्या धाकट्यांनी हिरव्या शाईने मला लिहून काढलं. पहिली ओळ शब्दाची, दुसरी अर्थाची, तिसरी तो कुठून आला त्याची. तिसऱ्या ओळीत लिहिलं, 'रोमानी भाषेतून. मूळ अर्थ : भाऊ.' खाली कोपऱ्यात, शब्द आणणाऱ्याच्या जागी, स्वतःची सही केली. मग मला घेऊन ते दोन दोन पायऱ्या गाळत वर धावले. त्या वेळी माझ्याइतकी मिजास कुठल्या कागदाला नसेल.

वर नेमके बाहेरगावचे चार विद्वान बसले होते. थोरल्यांनी चष्मा पुसून मला वाचलं.

"हे कुठल्या पुस्तकात मिळालं?"

"पुस्तकात नाही, दादा. सर्कशीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं."

"काय करतो तो?"

"घोडे सांभाळतो."

एक विद्वान खुदकन हसला, मग बाकीचेही हसले. थोरले माणूस वाईट नव्हते, पण लेखी पुराव्याशिवाय ओळ छापायची नाही हा त्यांचा बाणा होता, आणि चारचौघांत हसं झालेलं त्यांना अजिबात सोसत नसे. ते तडकून म्हणाले, "मग कोश तबेल्यातच करू या की! तू खाली अक्षरांचे खिळे जुळव. शब्दांचं आम्ही बघतो."

त्यांनी लाल शाईचं पेन उचललं आणि माझी तिसरी ओळ खोडली. मग सहीसुद्धा खोडली. निबाचं टोक माझ्यात रुतलं, पण धाकट्यांचा चेहरा बघून मी माझं दुखणं विसरले. ते आता एकेक पायरी करत जिना उतरले.

कोश छापून झाला. पॅलपुढे छापलं होतं, 'मूळ अज्ञात'. ते दोन शब्द जुळवायला धाकट्यांनी कुणा जुळाऱ्याला सांगितलं नाही, स्वतःच्या हाताने एकेक खिळा उचलून लावला. मी 'पी'च्या खणात जाऊन पडले.

दोघा भावांमधलं बोलणं त्यानंतर बंदच झालं. निरोप पोचवायचं काम थोरल्यांच्या बायकोकडे आलं. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणे. त्या चिठ्ठ्यांची लावालाव बघायच्या. धाकटे चार हातांवर उभे असले तरी थोरले म्हणायचे, "सांग तुझ्या दिराला, सातवं पान तिरकं आलंय." की धाकटे म्हणायचे, "वहिनी, सांगा त्यांना, पान सरळ आहे, नजर तिरकी आहे." वहिनी कपाळावर हात मारायच्या. एकदा त्या माझ्या खणाशी येऊन पुटपुटल्या, "दोन म्हातारी पोरं सांभाळतेय मी."

अकरा वर्षांनी कोशाची दुसरी आवृत्ती निघायची ठरली. परदेशातून जाडजूड ग्रंथ मागवले गेले. एका दुपारी थोरले त्यांतला एक वाचत होते आणि वाचता वाचता थबकले. त्यांनी तेच पान पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. रोमा लोकांचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, त्यांच्या भाषेत भावाला प्राल म्हणतात, त्यावरून इंग्रजीत पॅल आला, आणि प्राल व आपला 'भाऊ' हे दोन्ही एकाच जुन्या शब्दाची नातवंडं आहेत, असं त्या पानावर छापलं होतं.

थोरल्यांनी खणातून मला काढलं. एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर सगळं नीट लिहिलं, ग्रंथाचा पान क्रमांक टाकला, खाली आपली सही केली. मग मला कचऱ्याच्या टोपलीवर धरलं. मित्रांनो, त्यांनी बोटं नुसती सैल केली असती तरी माझा कारभार आटोपला असता. धाकट्यांनी तो शब्द आणला होता याचा माझ्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

"एकही चिठ्ठी टाकायची नाही, हा नियम कुणी केला?" दारातून वहिनी म्हणाल्या.

"मी."

"म्हणून विचारलं हो."

थोरल्यांचा हात खाली आला. त्यांनी माझ्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी ती नवी चिठ्ठीच टराटरा फाडली. छापखान्याची एक रीत आहे. चुकून खोडलेला मजकूर परत हवा असेल, तर रेघ पुसत नाहीत. त्या मजकुराखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, 'राहू द्या'. थोरल्यांनी माझ्या तिसऱ्या ओळीखाली एकेक टिंब दिलं. सहीखालीही दिलं. समासात 'राहू द्या' लिहिलं आणि मला घेऊन अकरा वर्षांनी ते छापखान्यात उतरले.

धाकटे टेबलाशी होते. थोरल्यांनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. धाकट्यांनी ओळ वाचली, टिंबं पाहिली.

"टिंबं वाकडी आलीत," ते म्हणाले.

"हात कापतो आता."

"खोडलंस तेव्हा नव्हता कापत. आणि खोडलंस तेव्हा सगळे होते, दादा."

मला वाटलं, संपलं! आता हे पाय आपटत वर जाणार. पण थोरले छापखान्यातल्या माणसांकडे वळले. "मशिनं जरा थांबवा रे."

खडखडाट थांबला. जुळारी, कागद कापणारा, दारातल्या वहिनी, सगळे बघत राहिले.

"हा शब्द माझ्या धाकट्या भावाने आणला होता," थोरले मोठ्याने म्हणाले. "तो बरोबर होता. मी चुकलो, आणि चारचौघांत त्याचा अपमान केला."

धाकट्यांनी चष्मा काढला आणि शाईच्याच हाताने डोळे पुसले, त्यामुळे चेहरा सगळा काळा झाला. वहिनींनी पदर तोंडाला लावला, रडायला की हसायला ते मला कळलं नाही. धाकट्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बस, दादा. चहा सांगतो."

"त्या घोडेवाल्याचं नाव काय होतं?" बसता बसता थोरल्यांनी विचारलं. "कोशात आभार मानायला हवेत."

"विचारलंच नाही रे. त्याने मला भाऊ म्हटलं, मी त्याला भाऊ म्हटलं, तेवढ्यावर भागलं."

दुसऱ्या आवृत्तीत आभाराच्या पानावर 'घोडे सांभाळणारा एक भाऊ' असं छापलं आहे. आता थोरले-धाकटे दोघेही नाहीत. शब्द कॉम्प्युटरमध्ये गेले आणि आमचे खण कचेरीच्या बोळकांडीत आले. कुणी त्यांवर छत्र्या ठेवतं, कुणी डबे. माझे कोपरे झिजलेत, पण लाल रेघ आहे आणि तिच्याखालची टिंबंही आहेत. आम्हाला फेकू नका, मित्रांनो, कधीमधी खण उघडून धूळ झटका. आणि कुणाचं म्हणणं खोडायची वेळ आलीच, तर आधी पेन्सिलने खोडा. तरीही चुकलात, तर टिंबं द्यायला अकरा वर्षं लावू नका.