माझ्यातले दगड हलवू नका

मी लाइन बोलतेय. आज सकाळपासून तुम्ही माझं नाव घेतलं असेलच. तरी मी नक्की कोण, असं कुणी विचारलं तर मलाही पटकन सांगता येणार नाही.

माझा जन्म परदेशातला. जवसाच्या धाग्याची दोरी, ती मी. दोरी ताणली की सरळ राहते, म्हणून सरळ दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला लोक माझंच नाव देत गेले. मराठीत आल्यापासून तर मला उसंत नाही. शाळेत पोरं माझ्यात उभी राहतात, रॉकेलसाठी बायका माझ्यात भांडतात. फोन लागला नाही की दोष माझा. मुलगा कंपनीत चिकटला की म्हणतात, लायनीला लागला. तोच मुलगा एसटी स्टँडवर मुलींकडे बघत उभा राहिला, की लाइन मारतोय. दोन्ही वेळा मी काहीच केलेलं नसतं.

मुळशीत मी आले ती मोजणीदारांच्या पेटीतून. धरण व्हायचं होतं. डोंगराच्या अंगानं त्यांनी चुन्याची लाइन आखली. माझ्या खाली जे होतं ते पाण्यात जाणार होतं. या गोष्टीतल्या चंद्राबाईच्या आजेसासऱ्याचं घर खाली होतं. आजेसासरे घरच्या माणसांसकट वर चढले आणि तिथेच वाडी झाली. पुढे लोखंडी मनोऱ्यांवरून विजेची लाइन आली, ती बरोबर वाडीच्या डोक्यावरून कुठल्याशा शहराकडे गेली. पावसात मी तिथे गुणगुणते. खाली घराघरांत रॉकेलच्या चिमण्या पेटवलेल्या असतात.

चंद्राबाईला विजेचा एक दिवा हवा होता. तिच्या लेकीला अंधारात फुरसं चावलं, आणि चिमणीच्या उजेडात दंश कुठे झालाय तेच लवकर सापडेना. लेक वाचली. पाय अधू झाला. धाकटी पोरं त्याच अंगणात खेळतात. तेव्हापासून चंद्राबाई दुसरं काही मागत नाही.

त्र्याऐंशी साली निरोप आला, की वीजजोडणीचे अर्ज घ्यायला साहेब खालच्या गावच्या शाळेत येणार, सोमवारी. सोमवारी सगळी वाडी उतरून बसली. साहेब आले नाहीत. मंगळवारी पावसानं जोर धरला, भाताची रोपं उपटून ठेवलेली. लावणी साहेबासाठी थांबत नाही. म्हणून लोकांनी दगड लावले आणि ते शेतात गेले.

इकडची ही रीतच आहे. लाइनीत माणूस नसला तरी चालतो, त्याचा दगड हवा. कोण कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सख्खा वैरीही दुसऱ्याचा दगड मागे सारत नाही. चंद्राबाईचा पहिला होता, वाटणाच्या फुटक्या पाट्याचा तुकडा, टाकीच्या घावांच्या खुणा असलेला. मागे तिचा दीर भैरू. त्याच्यामागे बाकीची वाडी, शाळेच्या ओट्यापासून पार आंब्यापर्यंत. इतकी सरळ आणि शांत मी कधीच नव्हते. लोकांची खात्री होती, की एवढी मोठी लाइन पाहून साहेब थांबतीलच.

जीप आली. साहेब खाली उतरले.

‘‘इथे कोणीच नाही?’’

‘‘हाय की, सायेब,’’ शाळेचा शिपाई वाल्मीक म्हणाला. ‘‘लई मोठी लाइन हाय.’’

‘‘कुठाय?’’

‘‘ही काय.’’

‘‘हे दगड आहेत.’’

‘‘व्हय. पयला चंद्राबाईचा.’’

‘‘मग बोलव तिला.’’

‘‘ती लावणीला गेलीया. म्हून तर दगुड हाय.’’

साहेबांनी वही उघडली. तेवढ्यात उतारावरची जीप मागे सरकू लागली. ड्रायव्हरनं जवळचा दगड उचलून चाकामागे लावला. तो चंद्राबाईचा होता. साहेबांनी ‘मागणी नाही’ असं लिहिलं, चहा घेतला आणि ते गेले.

लोक परतले तेव्हा माझं पहिलं स्थान रिकामं होतं. वाल्मीकनं झालेलं सांगितलं. भैरूनं चिखलातून पाट्याचा तुकडा हुडकून आणला.

‘‘मंग आता म्होरं तू,’’ चंद्राबाई म्हणाली.

‘‘मी कशाला, वहिनी? सायबानं उचलला म्हून काय तुमचा लंबर जातोय?’’ त्यानं तो होता तिथे ठेवला.

चंद्राबाईनं तुकड्यावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, ‘‘हितं लावून चुकलं. सायेब बसतो तितं लावाय पायजे.’’

लावणी उरकली आणि वाडी निघाली. दगड टोपल्यांत, टोपल्या डोक्यावर. साहेबांच्या कचेरीच्या पायरीपासून फाटकापर्यंत त्यांनी मला जशीच्या तशी मांडली. जीप आत अडकली.

साहेब बाहेर आले. ‘‘हा काय प्रकार आहे? उचला हे!’’

‘‘तुमीच उचला की. गेल्या खेपंला उचलला व्हता,’’ चंद्राबाई म्हणाली. ड्रायव्हर आपल्या चपलांकडे पाहू लागला.

‘‘अहो, तुम्ही माणसं समोर उभी आहात ना? मग दगड कशाला?’’

‘‘आज उभी हाओत म्हून दिसतोय. उद्या नाचणीतलं तण बेणायला गेलो, की पुन्ना दिसायचो न्हाई.’’

तिची लेक अधू पाय लांब करून पायरीवर बसली होती. साहेबांना आत जायला तिला ओलांडावं लागलं असतं. त्यांनी तिथेच उभ्याने अर्ज घेतले, दगडांच्या क्रमानं.

गेल्या उन्हाळ्यात वाडीत खांब आले. तार यायची आहे. कधी, ते कुणी सांगत नाही. चंद्राबाईनं पाट्याचा तुकडा तिच्या दारासमोरच्या खांबाच्या बुडाशी नेऊन ठेवला. भैरूनं त्याच्यामागे आपला. मग बाकीच्यांनी आपापले. आता मी तिथे आहे, पावसाउन्हात. वर मी गुणगुणते आणि खाली मी वाट पाहते.

तुम्ही शिकलेले आहात. उद्या अधिकारी व्हाल, जीपमधून हिंडाल. कुठल्या तरी वाडीत मी तुम्हाला भेटेन आणि माझ्यात एकही माणूस दिसणार नाही. तेव्हा ‘मागणी नाही’ असं लिहू नका. गाडी सरकत असेल तर दुसरीकडचा दगड शोधा.

माणसं लावणीला गेली आहेत. येतील.