नऊ नंबरची बाजू

पक्कडीच्या एका झटक्यासरशी पंख्याच्या मोटरीतून जळालेल्या तारांचा काळा झुबका बाहेर आला, आणि तो ड्रायव्हरच्या नाकासमोर धरून वकील म्हणाला,

"ही बघ तुमची टेकडीची टीम. बाहेरून रंग कसा चकचकीत, आणि आत सगळा कोळसा."

"मोटर कुणाची आहे ती?" ड्रायव्हरने शांतपणे विचारले.

"कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची."

"मग त्याला दाखव की. टेकडीच्या नाकाशी कशाला धरतोस?"

वकील आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढलेला नव्हता. जळालेल्या मोटरी उपसून त्यांच्या खाचांतून नवी तांब्याची तार भरणे हा त्याचा धंदा. परंतु मुद्द्याला मुद्दा जोडून समोरच्याला कात्रीत पकडण्याची जी हातोटी त्याला साधली होती, तिच्यापायी सारी गल्ली त्याला वकील म्हणत असे, आणि त्यालाही ते मनातून आवडत असे. चुकीचा आकडा, चुकीचे नाव, चुकीची वेळ कानावर पडली की ती दुरुस्त केल्याखेरीज त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. ड्रायव्हर मात्र नावाप्रमाणेच ड्रायव्हर होता. सरकारी बसवर उमेदीची सगळी वर्षे काढून तो निवृत्त झाला होता, आणि आता रोज संध्याकाळी वकिलाच्या दुकानातल्या मोडक्या स्टुलावर येऊन बसणे, एवढीच त्याची ड्यूटी उरली होती.

शहरात फुटबॉलचे क्लब दोन. बंदरावरच्या हमालांनी उभा केलेला तो गोदीचा, आणि बंगलेवाल्यांच्या उतारावर मैदान असलेला तो टेकडीचा. वकील गोदीचा; त्याच्या कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर, खिळ्याला, गोदीचा मफलर टांगलेला असे, आणि वार्निशच्या वाफांनी त्याचा मूळचा निळा रंग आता कुणाला शपथेवर सांगता आला नसता. ड्रायव्हर टेकडीचा. सामने बंद असले तरी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार सुरू होता, त्यामुळे दोघांच्या जिभांना हंगामापेक्षा अधिक धार चढली होती.

"एका गोलकीपरला एकवीस कोटी मोजले म्हणून तुझ्या पोटात का दुखतं? पैसा आमच्या मालकाचा," ड्रायव्हर म्हणाला.

"चोवीस. आकडा तरी नीट सांगत जा. आणि मालकाचा कसला? सिमेंटचा भाव कुणी चढवला, त्याच्याच कारखान्यानं ना? तू गच्चीवर खोली बांधलीस ना, तिच्या स्लॅबात तुमच्या गोलकीपरचा एक अख्खा हात गाडलेला आहे."

"तरीच गळत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "आमचा गोलकीपर काही आत येऊच देत नाही."

वकील हसला नाही, पण हसू दाबताना त्याच्या हातातले मोटरीचे झाकण निसटले आणि फरशीवर दणकन आदळले. नेमकी त्याच क्षणी त्याची मुलगी चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होती. तिने एकदम मान खांद्यांत ओढून घेतली, कोपर चेहऱ्यापुढे धरले. कप कलंडले, चहा ट्रेभर झाला.

"अगं, झाकण पडलं नुसतं!" वकील म्हणाला. "एवढी काय दचकतेस?"

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली, आणि ट्रे पुसू लागली.

चार दिवसांपूर्वी ती अचानक आली होती. नवरा कामानिमित्त दौऱ्यावर गेला आहे, म्हटलं बाबांकडे जाऊन यावं, असे तिने सांगितले होते. आई गेल्यापासून ती अशी कधी राहायला आली नव्हती, म्हणून वकिलाला बरेच वाटले होते. ती फारशी बोलत नव्हती. पण समोरच्याने बोललेच पाहिजे अशी वकिलाची अपेक्षाही कधी नसे.

आज मात्र ट्रे ठेवून ती परत वर गेली नाही. तारेच्या रिकाम्या रिळावर बसली आणि म्हणाली,

"बाबा, तो टेकडीचा नऊ नंबर. त्याच्या बायकोचं पुढे काय झालं?"

वकिलाने पक्कड खाली ठेवली. लेकीने फुटबॉलमधला एखादा प्रश्न विचारावा, ही गोष्ट त्याच्या संसारात प्रथमच घडत होती.

"ऐक. दोन वर्षांपूर्वी त्या बाईनं पोलिसात तक्रार दिली. चेहऱ्याचे फोटो सगळ्या जगानं पाहिले. यांच्या क्लबानं काय केलं? एक पत्रक काढलं, की हा खेळाडूचा खाजगी प्रश्न आहे. आणि पुढच्या रविवारी त्याला मैदानात उतरवला! महिन्याभरात बाईनं तक्रार मागे घेतली. झाले हे सगळे मोकळे."

"तिनंच घेतली ना मागे?" ड्रायव्हर पुटपुटला. "मग आता आपण काय बोलायचं?"

"तक्रार मागे घेतली म्हणजे मार मागे घेतला का?" वकिलाचा आवाज चढला. "असा माणूस उद्या आमच्या गोदीत आला ना, तर त्या दिवसापासून मैदानातली माझी खुर्ची रिकामी. लिहून घे!"

"पण बाबा, ती त्याच्याकडे परत गेली म्हणतात."

"जाईल नाहीतर काय करील? परत जाणाऱ्या बाईला दुसरं दार उघडं दिसलेलं नसतं. माहेरच्यांनी एवढं म्हटलं असतं, की ये, बस, कुणाला काही सांगू नकोस, तर कशाला गेली असती ती?"

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

"बाबा, उद्या मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. काका गेल्यावर."

"आत्ताच बोल की. हा काय परका आहे?"

"उद्या," ती म्हणाली, आणि कप गोळा करून वर गेली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर नेहमीपेक्षा लवकर आला. त्याच्या हातात घडी घातलेले वर्तमानपत्र होते, आणि तोंडावर असा आनंद, की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला झाली असती.

"अभिनंदन, वकीलसाहेब! आमच्याकडचं स्थळ तुमच्या घरी आलं!"

"कुठलं स्थळ?"

"नऊ नंबर. गोदीनं घेतला. चार वर्षांचा करार. आणि किती स्वस्तात दिलाय आम्ही, वाचून बघ! बोल आता. खुर्ची रिकामी ना?"

वकिलाने वर्तमानपत्र हातात घेतले. छायाचित्रात नऊ नंबर गोदीचा निळा शर्ट छातीशी धरून हसत होता. गेली कित्येक वर्षे गोदीला धड गोल करणारा माणूस मिळाला नव्हता. मागच्या हंगामात तर क्लब खालच्या गटात घसरता घसरता वाचला होता. वकिलाने छायाचित्र जरुरीपेक्षा अधिक वेळ पाहिले. मग वर्तमानपत्राची घडी पूर्ववत घातली, तारेचे टोक खाचेत सारले आणि सावकाश वेढे देत बोलू लागला.

"मला एक सांग. कोर्टात काही सिद्ध झालं?"

"आँ?"

"झालं की नाही?"

"नाही, पण तू काल—"

"कालचं राहू दे. सिद्ध झालं नाही. तक्रार कुणी मागे घेतली? तिनं स्वतः. तिच्यावर कुणी जबरदस्ती केल्याचा पुरावा आहे? नाही. परत नांदायला कोण गेलं? तीच. मग जिचा संसार तिला मान्य, तो तुला आणि मला अमान्य का? नवरा-बायकोत काय होतं ते त्या चार भिंतींना माहीत. तरुण रक्त असतं, एखादा हात उठतो, पुढे सगळं सुरळीत होतं. बाहेरच्यांनी त्यात पडू नये, आणि बाईनंही लगेच चव्हाट्यावर येऊ नये."

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. "अरे लेका, दोन वर्षं मी हेच तर बोलत होतो! शब्दाला शब्द!"

"बोलत होतास. पण तुला नीट मांडता येत नव्हतं."

ड्रायव्हर हसून हसून स्टुलावरून घसरायच्या बेतात आला. वकीलही हसला. एक अवघड बाजू हाती आली असताना ती आपण तडीस नेली, या समाधानात त्याने उरलेली खाच भरून टाकली. ड्रायव्हर गेल्यावर हात धुण्यासाठी तो उठला, तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बश्या झाकलेले दोन कप त्याला दिसले. चहा कधीचा निवला होता. त्यावर जाड साय धरली होती.

त्या संध्याकाळी मुलगी डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ती म्हणाली, "आज सहाच्या गाडीनं निघते."

"एवढ्यात? दौरा संपला त्याचा?"

"फोन आला होता."

"आणि तुला काहीतरी बोलायचं होतं ना?"

"काही विशेष नव्हतं." तिने ताटातल्या भाताचा एक ढीग इकडून तिकडे सारला. "बाबा, एक विचारू? परवा तुम्ही म्हणालात ते खरं, की काल म्हणालात ते?"

"कशाबद्दल?"

"त्या बायकोबद्दल."

वकील मोकळेपणाने हसला. "अगं, ते फुटबॉलचं बोलणं! त्यात खरं-खोटं कुठलं आलंय? समोरच्याला गप्प करायचं, की झालं."

"हो ना," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही खरंच बोलत होता."

तिने ताटे उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वकील खाली येऊन कामाला बसला. औषधवाल्याची मोटर भरून झाली होती. तिला वार्निश देऊन वाळवायची तेवढी राहिली होती. त्याने ब्रश बुडवला आणि तो तसाच हातात धरून राहिला. मला वाटलं, तुम्ही खरंच बोलत होता. कशावरून वाटलं? आणि वाटल्याने तिला काय मिळणार होते? ज्या शिस्तीने तो आजवर दुसऱ्यांच्या बोलण्यातल्या फटी शोधत आला होता, त्याच शिस्तीने त्याचे मन एकेक वस्तू टेबलावर मांडू लागले. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटणे लावलेल्या बाह्या. चार दिवसांसाठी आलेली मुलगी, आणि तिच्या बॅगेत थंडीचा कोट. वाजत राहणारा, आणि उशीखाली सारला जाणारा फोन. झाकण पडले तेव्हा चेहऱ्यापुढे आलेले कोपर. असे कोपर नुसत्या दचकलेल्या माणसाचे येत नाही. ते सवयीने येते.

ब्रशवरून वार्निशचा थेंब त्याच्या मांडीवर पडला.

तो उठला, जिन्याच्या पायथ्याशी गेला, आणि कठडा धरून तिथेच उभा राहिला. काय विचारणार होता तो? विचारले असते तर ती "काही नाही बाबा" म्हणाली असती, आणि तसे म्हणण्याचा हक्क कालच त्याने तिला स्वतःच्या तोंडाने बहाल केला होता. शब्दांवाचून अडण्याचा प्रसंग त्याच्यावर पूर्वी कधी आला नव्हता. तो परत टेबलाशी येऊन बसला.

ड्रायव्हर आला तो दारातूनच बोलत आला. "काय वकीलसाहेब, नऊ नंबरचा शर्ट शिवायला टाकला की नाही?"

वर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला. पाठोपाठ जिन्यावर पावले वाजली.

"ड्रायव्हर," वकील म्हणाला. त्याचा आवाज दुकानाला हवा त्याहून बराच मोठा होता. "काल मी हरलो."

"कोण हरला?"

"मी. काल जे बोललो, ते सगळं खोटं होतं. शर्टाचा रंग बदलला म्हणून जीभ बदलली. परवाचं तेवढं खरं. तक्रार मागे घेतली म्हणजे मार मागे घेतला, असं होत नाही."

ड्रायव्हर हसू लागला होता. पण वकिलाचे तोंड आपल्याकडे नाही, जिन्याकडे आहे, हे ध्यानात येताच त्याचे हसू जागच्या जागी थांबले. पावलेही जिन्याच्या वळणावर थांबली होती.

"ती बाई परत गेली," वकील म्हणाला, "कारण घरातला माणूस खाली बसून बडबडत होता. तिनं दार वाजवलं, आणि त्याला ते ऐकू आलं नाही. तिची चूक नाही त्यात. काही चूक नाही."

एवढे बोलून त्याने हात वर केला, खिळ्यावरचा मफलर काढला, त्याची चौपदरी घडी घातली आणि पकडी-हातोड्यांच्या खणात ठेवून खण लोटला. ड्रायव्हरने त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिले.

मुलगी वळणावरून दोन पायऱ्या खाली आली. बॅग तिच्या हातात होती.

"बाबा," ती म्हणाली. "माझी सहाची गाडी."

वकिलाने तोंड उघडले, पण थांब म्हणायचा धीर त्याला झाला नाही.

तेव्हा ड्रायव्हर स्टुलावरून उठला. टेबलाच्या वर, तिघांनाही दिसेल असे, मोठ्या आकड्यांचे घड्याळ होते, आणि त्यात सहाला वीस मिनिटे कमी होती. बसचा थांबा गल्लीच्या तोंडाशी होता. ती सहाची गाडी ड्रायव्हरने स्वतः कैक वर्षे चालवली होती, आणि ती एकदाही मिनिटभर मागेपुढे सुटली नाही, हे त्याने या स्टुलावर बसून किती वेळा ऐकवले असेल, याची गणती नव्हती. त्याने घड्याळाकडे निरखून पाहिले.

"सहाची ना?" तो म्हणाला. "ती तर गेली, पोरी."

मुलीने घड्याळाकडे पाहिले. मग बापाकडे पाहिले.

वकिलाने मान खाली घातली, वार्निशचा ब्रश उचलला, आणि औषधवाल्याची मोटर जवळ ओढून घेतली. ड्रायव्हरची चूक त्याने दुरुस्त केली नाही.

थोड्या वेळाने पायरीवर बॅग टेकल्याचा आवाज झाला.