ओठावरची पुळी

आत्याबाईंना भाच्याचं कौतुक करायला निमित्त लागत नसे. जेमतेम दोन आठवड्यांचं बाळ रडत नव्हतं, तर तेच त्या शेजारीपाजारी सांगत सुटल्या. "याच्या बापाने घर डोक्यावर घेतलं होतं. हा बघा, किती शहाणा!" शहाणं बाळ मग दुधालाही उठेना, तेव्हा वहिनीचा जीव खालीवर होऊ लागला. तिने अंगाला हात लावला. अंग गार.

"ताप नाही ना? मग झालं तर," आत्याबाईंनी निकाल दिला.

देवाची कृपा, वहिनीने तो मानला नाही. तिने बाळाला उचलून तडक दवाखाना गाठला. आत्याबाई बडबडत मागोमाग गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला उघडं करून नखशिखांत तपासलं. "इतक्या लहान बाळाला आजारपणात ताप येतोच असं नाही. उलट अंग गार पडतं, दूध पिणं सुटतं, नुसती झोप." बोलताना त्यांची बोटं जावळातून फिरत होती. कानामागे ती थांबली. तिथे मोहरीएवढे, पाण्याने भरलेले फोड होते.

"इतक्यात घरात कुणाच्या ओठावर असं काही आलं होतं?"

वहिनीने नकारार्थी मान हलवली. आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आपल्या ओठावरची पुळी लिपस्टिकखाली झाकली होती, आणि त्याच ओठांनी बाळाचे मुके घेतले होते. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? भावाच्या घरात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि बोललं तर तो मातीला मिळणार होता.

"मला आली होती," त्या म्हणाल्या. "मीच याचे मुके घेतले."

"बरं झालं सांगितलंत. अशी पुळी आणणाऱ्या विषाणूचीच मला शंका होती; तो इतक्या लहान बाळाच्या जिवावर बेततो. आता तपासणीच्या निकालासाठी थांबत नाही, लगेच औषध सुरू करते."

वहिनीने आत्याबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचे कितीतरी दिवस बाळाच्या शिरेतून औषध जात राहिलं आणि आत्याबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आत जायचं त्यांना धाडस होईना.

घरी न्यायच्या दिवशी वहिनी बाहेर आली आणि समोर उभी राहिली.

"ताई, धरा याला. मला चप्पल घालायचीय."

"मी?"

"तुम्ही तेव्हा बोलला नसतात, तर आज काय धरलं असतं?"

आत्याबाईंनी हात पुढे केले. बाळ चांगलंच जड झालं होतं.